चौदा टिंबांचं नाशिक

इयत्ता तिसरी, तास परिसर अभ्यासाचा. बाई खडू घेतात, फळ्यावर आपल्या जिल्ह्याचं नाव लिहितात आणि मोठ्याने म्हणतात, "नाशिक." सगळा वर्ग त्यांच्यामागून म्हणतो, "नाशिक!" बाई पुढच्या वाक्याकडे वळतात.

एवढ्याशा वेळात किती काय घडून गेलं ते बघा. फळ्यावरच्या पांढऱ्या रेघा डोळ्यांत शिरल्या, हवेतली थरथर कानांत शिरली आणि चाळीस डोक्यांत गोदावरीचा घाट, पंचवटी, द्राक्षांचे मळे, मामाचं घर असं ज्याचं त्याचं नाशिक उभं राहिलं. शब्द पोचला. तो इतका सहज पोचतो, की त्याने वाट काढली हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आता त्याच चाळीस जणांत पाच मुलं अशी आहेत असं समजू या. एक मुलगी, जिला दिसत नाही. एक मुलगा, ज्याच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. एक हुशार, बोलका मुलगा, जो वाचायला लागला की अडखळतो. एक मुलगी, जिला बौद्धिक अक्षमता आहे आणि नवी गोष्ट शिकायला इतरांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आणि चाकाच्या खुर्चीतला एक मुलगा, सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचे हात त्याच्या मनासारखे वळत नाहीत. पाचही जण एकाच वर्गात सहसा सापडायचे नाहीत; समजायला सोपं जावं म्हणून इथे एकत्र आणले आहेत. पण यातलं एखादं मूल आपल्या ओळखीच्या शाळेत बहुधा असतंच.

या पाच जणांपर्यंत 'नाशिक' हा एकच शब्द कोणकोणत्या वाटांनी जातो ते पाहत गेलं, की 'समावेशित शिक्षण' या जड शब्दाच्या पोटात काय आहे ते उलगडत जातं. शाळेत रोज घडू शकणाऱ्या गोष्टींमध्ये मला याहून नवलाची गोष्ट दुसरी दिसत नाही.

बोटाची वाट

दिसत नसलेल्या मुलीपासून सुरुवात करू. घरी करून पाहा. जाड कागद घ्या, खाली वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने टिंबं दाबा. ब्रेलचं एक घर सहा टिंबांचं असतं. डाव्या उभ्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६. यातली कोणती टिंबं उठवायची आणि कोणती नाही, एवढ्यावर ६३ वेगवेगळ्या खुणा तयार होतात. 'न' म्हणजे १, ३, ४, ५. काना म्हणजे ३, ४, ५. 'श' म्हणजे १, ४, ६. पहिली वेलांटी म्हणजे २ आणि ४. 'क' म्हणजे १ आणि ३. पाच घरं, चौदा टिंबं. सगळं नाशिक जेमतेम तीन सेंटिमीटरमध्ये, अर्ध्या मिलिमीटर उंचीच्या उंचवट्यांवर उभं राहतं.

पाटी आणि टोचणीने लिहिताना कागद मागच्या बाजूने टोचावा लागतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक खूण आरशातल्यासारखी उलटी. कागद पालटला की वाचायचं डावीकडून उजवीकडे. सहा-सात वर्षांचं मूल हे शिकतं आणि काही दिवसांनी त्याचा विचारही न करता भराभर टोचत जातं. आपल्या वर्गातल्या या मुलीच्या पाटीचा टकटक आवाज येतो तेव्हा तिच्या मनात अक्षरं दोन्ही बाजूंनी वाचली जात असतात.

लुई ब्रेल यांनी ही लिपी तयार केली तेव्हा ते अवघे पंधरा वर्षांचे होते. वर्ष होतं १८२४. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली आणि तिने एक फार सुंदर गोष्ट केली. मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ यांचा 'क' डोळ्यांना वेगवेगळा दिसतो, पण बोटाला तो सगळीकडे एकच, १ आणि ३. गुजरातच्या सीमेवरच्या नवापूरच्या बाजारात गुजराती पाटी वाचताना आपण अडखळू. ब्रेल वाचणाऱ्या मुलीला निदान अक्षरांची भिंत लागणार नाही.

नवल इथे संपत नाही. जपानी संशोधक नोरिहिरो सादातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं, की लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा मागचा भाग, जो एरवी डोळ्यांकडून आलेलं काम पाहतो, तो कामाला लागतो. डोळ्यांकडून निरोप येत नाही म्हणून मेंदूने ती खोली बंद ठेवली नाही. ती बोटांना देऊन टाकली.

मग या मुलीसाठी बाईंना वर्गात काय करावं लागतं? फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारायचा. "हे बघा, इथून इथे गोदावरी वाहते" असं न म्हणता "गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेकडे वाहते" असं म्हणायचं. नकाशावर नदीच्या रेघेवर सुतळी चिकटवायची. बाकी काम तिचं बोट करतं.

ओठांची वाट

आता श्रवणयंत्रं लावणारा मुलगा. त्याची वाट कळायला आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता म्हणा, "पान, बाण, मान." तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटले आणि सारखेच उघडले. प, ब आणि म यांतला फरक ओठांच्या आड, घशात आणि नाकात होतो, आणि न-ण मधला फरक जिभेच्या टोकाला. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही शब्द एकच.

आता तसंच 'नाशिक' म्हणा. 'न' दातांमागे झाला, 'क' घशाशी झाला. बाहेर दिसलं ते एवढंच, की तोंड मोठं उघडलं आणि मग ओठ फाकले. आता 'काशी' म्हणा. तोंड उघडलं, ओठ फाकले. जवळपास तेच! दोन्ही तीर्थक्षेत्रं, दोन्ही नदीकाठची, दोन्हीकडे घाट. ओठांवरून वाचणाऱ्या मुलाला वाक्याच्या संदर्भाचाही आधार मिळत नाही.

"पण त्याला तर यंत्र आहे ना?" असं आपण पटकन म्हणतो. चष्म्याने अक्षर स्पष्ट होतं तसं यंत्राने बोलणं स्पष्ट होत असेल, असं आपल्याला वाटतं. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, आणि बाईंच्या आवाजासोबत पंख्याची घरघर, बाक सरकल्याचा कर्रर आवाज आणि मागच्या मुलांची कुजबुजही वाढवतं. त्यात आवाजाचा स्वभावच असा, की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलनी उतरतो. फळ्यापासून एक मीटरवर जे खणखणीत, ते चार मीटरवर १२ डेसिबलनी फिकं. बोलणं समजायला शिक्षकांचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटाच्या निदान १५ डेसिबल वर असावा, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात. म्हणजे तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर येणं ही या मुलासाठी किती मोठी गोष्ट आहे ते पाहा.

म्हणून उपाय अगदी साधे. त्याला पुढे, आणि सगळ्यांचे चेहरे दिसतील असं थोडं कोपऱ्यात बसवायचं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आधी लिहायचं, मग वळून बोलायचं. खिडकीला पाठ करून उभं राहायचं नाही, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो आणि ओठ हरवतात. बाकांच्या पायांना रबरी बुचं लावायची. आणि 'नाशिक' असं तोंडाने म्हणताना नकाशावर बोट ठेवायचं, म्हणजे काशी आपोआप गळून पडते.

डोळ्यांची वाट, जी सोपी वाटते

तिसरा मुलगा पाहतो, ऐकतो, भराभर गोष्टी सांगतो. त्याची अडचण शोधायला छापलेल्या 'नाशिक'कडे नीट बघावं लागतं. न, मग काना. पुढे डोळ्यांना काय भेटतं? वेलांटी. आणि मग श. तोंडाने मात्र आपण आधी 'श्' म्हणतो आणि मग 'इ'. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, हे आपल्या लिपीचं जुनं वळण. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलं आहे, की तिथे वळण आहे हेच दिसत नाही. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता या संशोधकांनी २००२ मध्ये देवनागरी वाचनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंदी वाचताना अशी उलट्या जागेची वेलांटी असलेले शब्द वाचायला जास्त वेळ लागतो, असं त्यांना आढळलं. सरावलेल्या वाचकाचीही तिथे क्षणभर गती मंदावते.

ज्याला वाचनाची अध्ययन अक्षमता आहे, त्याच्या मेंदूला आवाज आणि खूण यांची गाठ मारायलाच कष्ट पडतात. अशा मुलासाठी ती वेलांटी म्हणजे उंबरठ्यातली ठेच. त्यात घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची जवळजवळ सारखी तोंडं. आणि आपला 'र' तर किती रूपं घेतो: 'रस'मधला, 'सूर्य'मधला, 'चक्र'मधला, 'राष्ट्र'मधला, 'सुऱ्या'मधला. एक आवाज, पाच वेष. या मुलाला "लक्ष देत नाहीस" म्हणून ओरडणं म्हणजे घाट चढून दमलेल्याला सपाटीवर दम लागल्याबद्दल बोल लावणं.

आणि आता मागे वळून पहिल्या मुलीच्या कागदाकडे पाहा. भारती ब्रेलमध्ये 'श' आधी येतो, वेलांटी नंतर. जसं बोलतो तसंच. डोळस मुलाला जो उलटा उंबरठा ओलांडावा लागतो, तो तिच्या बोटाखाली नाहीच! त्या एका शब्दापुरती तिची वाट त्याच्या वाटेहून सरळ आहे.

बाईंना हे कळलं की त्या चिंचोके काढतात. जमिनीवर आधी 'श' मांडायचा, म्हणायचा; मग वेलांटी मांडायची, म्हणायची. अडखळणारा मुलगा हाताने मांडतो आणि दिसत नसलेली मुलगी तीच अक्षरं चाचपते. तिला छापील 'नाशिक'चा आकार पहिल्यांदा कळतो, त्याला आवाजांचा क्रम कळतो. एका मुठीतल्या चिंचोक्यांनी दोघांचं काम होतं.

महाराष्ट्राने या मुलांची दखल लवकर घेतली. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याचा राज्य सरकारचा निर्णय १९९६ चा आहे, 'तारे जमीं पर' हा चित्रपट यायच्या अकरा वर्षं आधीचा.

बसच्या पाटीची वाट

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला सुटी अक्षरं जोडून शब्द करायला फार वेळ लागू शकतो. पण सबंध शब्द चित्रासारखा ओळखता येतो. दुकानाचं नाव, औषधाची बाटली, बसची पाटी. मेळा बसस्थानकात उभ्या असलेल्या गाड्यांमधून आपल्या गावाची गाडी ओळखणं हे वाचनच आहे, आणि आयुष्यभर उपयोगी पडणारं. हातातल्या पुठ्ठ्यावर 'नाशिक', गाडीवर 'नाशिक'. दोन्ही जुळले की त्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याला मार्क देता येत नाहीत.

हे शिकवायचं शास्त्र नाशिकला नवं नाही. रजनीताई लिमये स्वतः शिक्षिका आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आई. १९७७ मध्ये त्यांनी या शहरात प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. त्या काळी अशी मुलं घराच्या आतल्या खोलीत राहत. त्यांच्यासाठी वर्ग भरवणं, त्यांना गाणी म्हणायला लावणं, मोठी झाल्यावर हाताला काम देणं, यातून एक ज्ञान साठत गेलं: मोठं काम लहान लहान पायऱ्यांत कसं फोडायचं, एका पायरीवर किती थांबायचं, कधी मदतीचा हात काढून घ्यायचा. कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वर्गात हे ज्ञान कामाला येतं.

हाताची आणि उताराची वाट

पाचव्या मुलाला 'नाशिक' दिसतं, ऐकू येतं, कळतं. त्याची वाट उलट्या दिशेची आहे: आतलं बाहेर कसं यावं? पेन्सिलीभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला तर कदाचित पकड बसेल. नाहीतर समोरच्या चार पट्ट्यांमधून योग्य शब्दाकडे तो नजरेने बोट दाखवेल. मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करत परदेशात दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन लिहिलं. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि पुढे अशा मुलांना नेहमीच्या शाळेत नेण्याचा आग्रह धरला. नीट बोलता न येणारं मूल आतून किती बोलत असतं, हे त्या एका बोटाने देशाला दाखवून दिलं.

आणि वर्गात यायचं तर जोतं चढायला हवं. इथे गणित पाहा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा असावा लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाच्या जोत्याला १८ फुटांचा उतार. जागा वाचवायला सहा फुटांत बांधला तर तो उतार राहत नाही, घसरगुंडी होते. मूल स्वतः चढू शकत नाही आणि मागून ढकलणाऱ्या आईचाही दम निघतो. बाराऐवजी चार, एवढ्या एका आकड्यावर मुलाचं स्वावलंबन टिकतं किंवा जातं.

कायद्याचं एक वाक्य

हे सगळं कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. केंद्र सरकारने १९७४ मध्येच अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना सुरू केली. मदतनीस भत्ता, वाचक भत्ता, प्रवास भत्ता हे शब्द शाळेच्या दप्तरात तेव्हापासून आले. पण 'एकात्म'मध्ये मुलाने वर्गाशी जुळवून घ्यायचं होतं. जून १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ सरकारं आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटना जमल्या आणि त्यांनी प्रश्नच फिरवला: वर्गाने मुलाशी कसं जुळवून घ्यावं?

आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तेच आलं. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती, ती आता २१ झाली. समावेशित शिक्षणाची व्याख्या त्यात एका वाक्यात आहे. अपंगत्व असलेली आणि नसलेली मुलं एकत्र शिकतील, हा त्या वाक्याचा पहिला भाग. शिकवण्या-शिकण्याची पद्धत वेगवेगळं अपंगत्व असलेल्या मुलांच्या गरजांप्रमाणे बदललेली असेल, हा दुसरा. पहिला भाग एका प्रवेश अर्जाने पूर्ण होतो. दुसऱ्यासाठी सुतळी, चिंचोके, रबरी बुचं, १८ फुटांचा उतार आणि जाणकार शिक्षक लागतात. पहिल्याच भागावर थांबलं, तर मूल पटावर असतं आणि शब्द त्याच्यापर्यंत येत नाही. वर्गात बसून एकटं पडणं हे घरी एकटं राहण्याहून जास्त लागतं, म्हणून मला त्या दुसऱ्या भागाची फार काळजी वाटते.

तो भाग पेलायला नाशिकला हात कमी नाहीत. सातपूरला 'नॅब' या अंधांसाठीच्या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचं केंद्र आहे. अंध मुलांच्या शिक्षणाचा अनुभव तिथे आहे. माई लेले श्रवण विकास विद्यालय आणि पडसाद कर्णबधिर विद्यालय इथे ऐकू न येणाऱ्या मुलांसोबत काम चालतं. विशेष शाळा आणि नेहमीच्या शाळा यांना समोरासमोर उभं करण्याची चूक आपण करू नये. विशेष शाळा म्हणजे हे सगळं ज्ञान जिथे साठलं ती विहीर, आणि पाटाचं पाणी जिल्हा परिषदेच्या प्रत्येक वर्गापर्यंत जायला हवं. कुणाला काही वर्षं विशेष शाळेतच राहणं हिताचं असतं. कायदाही ती मुभा देतो.

'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक हा तो पाट. गट साधन केंद्रातून ते एकेका शाळेला भेट देतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर अशा डोंगराळ तालुक्यांत, जिथे शाळा पाड्यापाड्यावर विखुरल्या आहेत, तिथे एका मुलापर्यंत पोचायला भर पावसात घाट ओलांडावा लागतो. ते रोज येऊ शकत नाहीत. त्यामुळे ते बाईंना जे दाखवून जातात, तेच उरलेल्या दिवसांत मुलाला मिळतं.

बाकीच्या पस्तीस जणांचं काय?

पालक हा प्रश्न विचारतात आणि तो विचारायलाच हवा. आपलं मूल मागे पडेल का? परदेशांत या प्रश्नावर झालेल्या अभ्यासांचे आढावे घेतले गेले आहेत. बहुतेक ठिकाणी इतर मुलांच्या अभ्यासावर वाईट परिणाम दिसला नाही, काही ठिकाणी फायदाच दिसला. आकडे बाजूला ठेवून आपल्या वर्गाकडे पाहिलं तरी ते पटतं. बाई लिहिताना मोठ्याने म्हणतात, याचा उपयोग लिहून घ्यायला मागे राहणाऱ्या प्रत्येकाला होतो. त्या वळून बोलतात, म्हणून शेवटच्या बाकावरही ऐकू जातं. वेलांटीचा उलटा उंबरठा समजावतात, तेव्हा 'शिक' आणि 'शक'मध्ये गोंधळणारी दहा मुलं सुटतात. उतारावरून पाय मोडलेला मुलगाही येतो आणि नातवाला न्यायला आलेली आजीही.

आणि एक गोष्ट कोणत्याही आढाव्यात मावत नाही. मधल्या सुट्टीत एक मुलगी डोळे मिटते, मैत्रिणीच्या कागदावर बोट ठेवते आणि चौदा टिंबांवरून हळूहळू फिरवते. तिला काहीच कळत नाही, सगळं खरखरीत. मैत्रीण तिचं बोट धरून पहिल्या घरावर नेते आणि म्हणते, "हा न." त्या क्षणी शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे बदललेलं असतं.

उद्या सकाळी कुठल्याही शाळेत, काहीही विकत न आणता याची सुरुवात होऊ शकते. फळ्यावर शब्द लिहिताना तो म्हणायचा. लिहून झाला की मुलांकडे तोंड करून पुन्हा म्हणायचा. नकाशावर बोट ठेवायचं. आणि मग, सगळ्यात अवघड काम, थोडं थांबायचं. शब्द सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत.